ओट्यावरची चकली

आमच्या ह्यांना घरात कारागीर आलेला खपत नाही. पंखा घरघरला की हे स्टुलावर, नळ गळला की हे बेसिनखाली. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ बघायचा, "हॅ, हे तर काहीच नाही," म्हणायचं आणि बाह्या सरसावायच्या. ह्यांनी बाह्या सरसावल्या की मी गुपचूप खालच्या चटया गुंडाळून ठेवते.

बँकेत ह्यांचा दरारा असा, की सही एवढीशी तिरकी दिसली तरी चेक परत. घरी मात्र ह्यांनी ठोकलेली एक तरी फळी सरळ दाखवा, मी म्हणाल ते हरायला तयार आहे. आमच्या दारावरची घंटा दाबली की बाथरूममधला दिवा लुकलुकतो. का, ते विचारायचं नाही. विचारलं की दुरुस्ती सुरू होते.

सुरतेत येऊन आम्हाला बावीस वर्षं झाली. मी मूळची नाशिकची, इथे मराठी शाळेत शिकवते. हे खानदेशातले, अमळनेरकडचे. आता ह्यांची भाषा म्हणजे भेळ झाली आहे. गुजरातीत नळाच्या तोटीला चकली म्हणतात, म्हणून ह्यांच्याही तोंडी चकलीच. "अगं, बेसिनची चकली गळतेय," असं हे म्हणाले की माहेरची माणसं आधी बेसिनकडे आणि मग माझ्याकडे बघायची. पुढे मीही तसंच बोलायला लागले. दिवाळीत खायची चकली वेगळी, बारा महिने गळणारी वेगळी. आमचा दोघांचा कधी घोटाळा झाला नाही.

घोटाळा झाला तो सासूबाई आल्यावर.

सासूबाई गावी एकट्या राहतात. सासरे जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात त्या न्हाणीत घसरल्या आणि शेजारीण ताकाचं भांडं परत द्यायला येईपर्यंत, चांगले दोन तास, ओल्या फरशीवर तशाच पडून राहिल्या. नशीब, हाड मोडलं नाही, पण उजवा गुडघा जो रुसला तो रुसलाच. ही गोष्ट त्यांनी आम्हाला फोनवर सांगितली तीन आठवड्यांनी, आणि तीही मिरच्या वाळत घातल्याचं सांगता सांगता. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

तेव्हापासून ह्यांनी एकच ध्यास घेतला, की आईला कायमची इथे आणायची. दिवाळीच्या आधी हे स्वतः जाऊन त्यांना घेऊनही आले. पण घेऊन येणं सोपं, ठेवून घेणं अवघड. सासूबाईंची एक खाकी कापडी पिशवी आहे, तोंडाला सुती दोरीने करकचून बांधलेली. त्या आल्या की दोरी सोडतात, दोन लुगडी बाहेर काढतात, पिशवी पुन्हा बांधतात आणि पलंगाखाली सरकवतात. आठ-दहा दिवस झाले की पिशवी आपोआप पलंगाबाहेर येते. मग काय समजायचं ते आम्ही समजतो.

ह्या वेळी हे म्हणाले, "माय, आता जायचं नाही."

त्या म्हणाल्या, "देखू."

कपाटातला एक अख्खा कप्पा मी त्यांच्यासाठी रिकामा केला होता. तो रिकामाच राहिला.

अडचण काय होती, ते त्यांनी मला चौथ्या दिवशी सांगितलं, तेही आडून. "तुमना बाथरूममा धराले काहीच नही वं. पडनू तं तुम्हले ताप." म्हणजे न्हाणीघरात धरायला काही नाही, पडले तर तुम्हालाच त्रास. एवढंच? अहो, मग भिंतीला एक दांडा लावला की झालं! मी ह्यांना म्हटलं, "चांगला प्लंबर बोलवा."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी ह्यांच्या खानदानाला नाव ठेवलं. "एक दांडा लावायला प्लंबर? चार तर स्क्रू आहेत!"

स्टीलचा दांडा आला. बाह्या वर झाल्या. मी चटया गुंडाळल्या. संध्याकाळपर्यंत दांडा भिंतीवर होता, आणि खोटं कशाला बोलू, दिसत होता झकास. हे त्याला हाताने थोपटून मला म्हणाले, "बघ. उगाच कुणाची मनधरणी नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. हातात दांडा होता. चारही स्क्रू लोंबत होते. स्टुलावर बसण्याआधी त्यांनी तो धरून पाहिला, म्हणून बरं. बसल्यावर उठताना धरला असता तर? सासूबाईंनी मात्र काही आदळआपट केली नाही. दांडा जेवणाच्या टेबलावर ह्यांच्या चहाशेजारी ठेवला आणि विचारलं, "आयतवारनी गाडी कितला वाजता शे रे?"

रविवारची गाडी! दुपारी मी बघितलं तर पिशवी पलंगाबाहेर आलेली होती. हे गुरुवारी रजा टाकून दांड्यामागे हात धुऊन लागले. ह्या वेळी निदान काढलं, की स्क्रू लहान पडले. म्हणून मोठे स्क्रू, ते भिंतीत धरून ठेवणारी मोठी गिट्टी आणि शेजाऱ्याचं मोठं ड्रिल मशीन. मी म्हटलं, "अहो, खरंच कुणाला तरी बोलवू या. आई रविवारी निघाल्यात, आता प्रयोग नकोत."

"म्हणूनच तर," हे म्हणाले, आणि बाथरूमचं दार लावून घेतलं.

त्या दिवशी मी चकल्यांचा घाट घातला होता. शाळेला सुट्टी लागली होती आणि सासूबाईंच्या हातच्या भाजणीची सर कुणाला नाही. त्या ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून तळत होत्या, मी पाडून देत होते. तिसऱ्या घाण्याला सोऱ्याची मूठ कटकन तुटली. ही मूठ मागच्या दिवाळीत ह्यांनीच कसलंसं जालीम चिकटवण लावून 'जन्मभरासाठी' जोडली होती. मी मनातल्या मनात ह्यांचा उद्धार केला आणि दोन मजले खाली ओळखीच्या मराठी बाईंकडे सोऱ्या मागायला गेले.

माझ्या पाठीमागे काय घडलं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आहे. पण ताळा जमतो तो असा. ह्यांनी भोक पाडलं ते थेट भिंतीतल्या पाइपात. पाण्याची चिळकांडी ह्यांच्या तोंडावर. हात काढावा तर कारंजं, म्हणून हे दोन्ही अंगठे भोकावर दाबून उभे. घराचं सगळं पाणी बंद करायची तोटी स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, पाण्याच्या फिल्टरशेजारी. तेव्हा हे आतून ओरडले, "माय! ओट्यावरली चकली बंद कर!"

आता सांगा, त्या माउलीचं काय चुकलं? ओट्यावर चकली होतीच. त्यांनी गॅस बंद केला.

"बंद कयी रे!"

"नाही झाली! अजून जोरात येतंय!"

"काय जोरात ई ऱ्हायनं? थंडी व्हई गयी ती!"

"अगं, पूर्ण बंद कर! घट्ट आवळ!"

सासूबाईंनी सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद केला. तरी लेकाचा आरडाओरडा थांबेना, तेव्हा अर्धकच्च्या चकल्या झाऱ्याने तेलातून काढल्या, ताटात ठेवल्या आणि वर झाकण घातलं. आता ह्याहून जास्त बंद चकली कशी करतात?

मी सोऱ्या घेऊन वर येत होते, तर जिन्यावरून पाणी मला सामोरं येत होतं. पळत जाऊन तोटी बंद केली आणि बाथरूमकडे वळले. हे नखशिखान्त ओले, चष्म्यावरून पागोळ्या गळतायत, अंगठे अजून भिंतीवर. दारात सासूबाई, हातात झारा. त्या मला म्हणाल्या, "चकली कवयनी बंद करी दिनी, तरी हाऊ वरडीच ऱ्हायना!" चकली केव्हाच बंद केली, तरी हा ओरडतोच आहे!

मला दोन क्षण लागले. मग जे हसू फुटलं, ते आवरेना. मी ओल्या फरशीवर फतकल मारून बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सासूबाई त्यांच्या खोलीत गेल्या. मी डोळे पुसून बघितलं तर हे हसत नव्हते. उलट्या बादलीवर बसले होते आणि अंगठ्यांकडे बघत होते.

"आता तर नक्कीच जाईल ती," हे म्हणाले. "ती दोन तास पडून होती गं. तेव्हा मी बँकेत कुणाची तरी सही ताडून बघत बसलो होतो. मला वाटलं, निदान हे एक काम आपल्या हाताने करावं."

बावीस वर्षं ह्यांची टिंगल करतेय, पण त्या क्षणी मी टॉवेल आणून ह्यांचं डोकं पुसलं. मग म्हटलं, "प्लंबर बोलावला तरी हात तुमचाच आहे हो त्यात. फोन तुम्ही लावा."

ह्यांनी मुकाट्याने फोन लावला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तासाभरात सुरतेतल्याच पांडेसऱ्याहून प्लंबर आला. पन्नाशीचा, काटकुळा, खांद्याला पिशवी. भिंतीतलं भोक बघून तो ह्यांना लागेल असं काही बोलला नाही, त्याने एवढंच विचारलं, "साहेब, नळ इथे आणि शॉवर त्याच्या डोक्यावर. मग पाइप कुठून जात असेल?" हे विद्यार्थ्यासारखे म्हणाले, "मधून." "मग आपण भोक कुठे पाडलं?" "मधेच." असं म्हणून हे इतके ओशाळले, की मलाच कणव आली.

पाइप जोडून झाल्यावर त्याने दांडा हातात घेतला आणि ह्यांच्या जुन्या खुणा बघितल्या. "कुणासाठी लावायचाय?"

"आईसाठी."

"मग ह्या खुणा आपल्या खांद्याच्या मापाने कशाला केल्या?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. त्याने सासूबाईंना बोलावलं, स्टूल मांडलं, त्यावर बसायला सांगितलं. "आजी, आता उठा. उठताना हात कुठे जातो, तिथेच ठेवा." त्या उठता उठता पुटपुटल्या, "गुडघा ऐकत नही रे भाऊ." तो चमकला. "माय, कोणता गावनी तू?"

झालं! गाव निघालं, नदी निघाली, मधला ओढा निघाला. ह्याचं गाव त्यांच्या गावापासून तीन कोसांवर. त्याच्या मावशीला ह्या ओळखत होत्या, आणि तिच्या भांडखोरपणाबद्दल दोघांचं एकमत झालं. सासूबाई आमच्याकडे आल्यापासून एवढ्या बोलल्या नव्हत्या. आमच्याशी बोलताना त्या जपून बोलतात, पाहुण्यासारख्या. त्या दिवशी त्यांचा हात भिंतीला टेकलेला, प्लंबर पेन्सिल धरून थांबलेला आणि त्या मावशीची जुनी भांडणं सांगतायत. "आठे पांडेसरामा आपलाच मानसं शेतस, माय," तो म्हणाला. "आयतवारले मन्ही बायकोले लई येसू." इथे आपलीच माणसं आहेत, रविवारी बायकोला घेऊन येतो म्हणे.

खूण झाली. मग त्याला पाइपाची सरळ रेघ भिंतीवर आखून घ्यायची होती, म्हणजे पुन्हा भोक तिथे नको. शॉवरपासून खाली वजन सोडायचं म्हणाला. त्याचा ओळंबा दुसऱ्या कामावर राहिला होता. "एखादी दोरी आहे का घरात?"

ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत सहा जातींचे पाने आहेत, तीन टेप आहेत, लुकलुकणारं एक लेव्हलचं यंत्र आहे, जे तेव्हा बादलीत बुडालं होतं. दोरी नव्हती. हे स्वयंपाकघरात शोधायला धावले, मी गॅलरीत. परत आलो तर सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे केली ती पिशवीची सुती दोरी होती.

प्लंबरला काय माहीत! त्याने टोकाला नट बांधला आणि दोरी शॉवरवरून सोडली. ती हलायची थांबेपर्यंत हे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

दांडा लागला. प्लंबर त्याला दोन्ही हातांनी लोंबकळला, मग ह्यांना लोंबकळायला लावलं. सासूबाईंनी बसून उठून बघितलं, दोनदा. हातपाय धुऊन ओट्याशी गेल्या आणि गॅस पेटवून उरलेल्या चकल्या तळायला घेतल्या.

त्या दिवसापासून मी घरात एक नियम केला आहे. काम बिघडलं तर फक्त हसं होणार असेल, तर खुशाल करा, मी चटया गुंडाळते. पण कुणी पडणार असेल, तर जाणता माणूस बोलवायचा. ह्यांनी तो मान्य केला आहे, कुरकुर करत.

रविवारी सकाळी हे उगाचच पेपर वाचत बसले होते, पेपर शनिवारचा होता. गाडीची वेळ जवळ आली. शेवटी ह्यांनीच विचारलं, "माय, पिशवी भरायची का?"

"कसी भरू?" त्या म्हणाल्या. "दोरी वल्ली शे."

गुरुवारी भिजलेली दोरी रविवारी ओली! सुरतेच्या उन्हात! मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहिले.

थोड्या वेळाने त्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या स्टँडपाशी गेल्या, दोरी हातात घेऊन. तिला ताण देऊन बघितला आणि ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजरेने माप घेतलं. "आठे बांधी द्या," त्या म्हणाल्या. "तुमना त्या स्टँडवर मन्हं लुगडं मावत नही."

हे ताडकन उठले. बाह्या वर गेल्या. ड्रिल कुठे ठेवलं म्हणून हे मला विचारताहेत, तोच सासूबाईंनी हात आडवा केला.

"तू नको ठोकू रे दादा. दुपारले तो भाऊ ई ऱ्हायना ना बायकोले लई, तोच ठोकी. आते मले आठेच ऱ्हानं शे."