लेकराला कोण बघंल

चाळिशी उलटल्यावर मी बी.एड.ला प्रवेश घेतला. आष्टीतल्या एका खासगी शाळेत मी बरीच वर्षं शिकवत होतो, पण पदवी नसेल तर कायम करणार नाही असं संस्थेनं सांगितलं, म्हणून. कॉलेजातली मुलं मला काका म्हणायची.

दुसऱ्या वर्षी आमच्या गटाला शालेय अनुभवासाठी जवळच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. पाठ घ्यायचे, शिवाय समाजकार्य करायचं. गावातला एखादा प्रश्न निवडायचा आणि त्यावर प्रत्यक्ष काही करून दाखवायचं. प्रश्न शोधावा लागला नाही. दिवाळी जवळ आली की या गावातले अर्धेअधिक लोक ऊस तोडायला निघतात आणि वर्ग रिकामे होतात. मुलांना मागं ठेवा, हे आईबापांना पटवायचं असं आम्ही ठरवलं. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होणार होतं. दोन वेळचं जेवण शाळेत आणि झोपायला नातेवाइकांकडं, अशी सोय होती.

मारुतीच्या पारासमोर आम्ही पथनाट्य केलं. वयानं मोठा म्हणून बाप मीच झालो. डोक्याला टॉवेल गुंडाळून मी पोरीच्या हातातली पाटी हिसकावून घेतली, तेव्हा बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. आम्हाला वाटलं, परिणाम होतोय.

नंतर घरं वाटून घेतली. माझ्या वाट्याला वस्तीच्या टोकाचं घर आलं. नवराबायको, सहावीतली मुलगी आणि झोळीत काही महिन्यांचं बाळ. मुलगी माझ्याच वर्गातली. फळ्यावर माझं गणित चुकलं की ती बोट वर करायची नाही, नुसती खाली बघून हसायची. मग मी मागं वळून चूक शोधायचो. तिला गावात राहायचं होतं. तिनं मला तसं सांगितलंही होतं.

तिची आई दारात तांदूळ निवडत बसली होती.

"गुरुजी, तुमचं पटतंय," ती म्हणाली. "पण लेकराला कोण बघंल? आमी दोघं मिळून एक कोयता. मी लेकरापाशी बसले की कोयता मोडला."

"अजून किती लहान आहे ते. दिवसभर झोळीत झोपूनच तर असतं."

मुकादम, म्हणजे टोळी नेणारा माणूस, तिथंच तंबाखू मळत बसला होता. तो मुलीच्या बापाला म्हणाला, "ऐकलं का रं? गुरुजींला लई कळवळा हाय. मग तुमीच चला की गुरुजी, झोळी हालवायला! कोपी बांधून देतो तुमाला, उसाच्या पाचटाची."

सगळे हसले. मीही हसलो. पण आत कुठंतरी लागलं होतं, आणि त्याच तिरमिरीत मी आवाज चढवला. शेजारच्या घरांना ऐकू जाईल एवढा. म्हणालो, "मग घाला पोरीचं वाटोळं! एवढी हुशार मुलगी, आणि तुम्हाला तिच्या कडेवर पोरच द्यायचंय ना?"

"कावून घालू वाटोळं, गुरुजी?" बाप म्हणाला. "कुणाला हौस हाय का?"

शेजारणी दारात आल्या होत्या. त्यांच्याकडं बघून आईनं मान खाली घातली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मग. चुलतीपाशी ऱ्हाईल." मुलगी धावत आत गेली. मी जिंकलो होतो.

हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो आणि तेवढ्यात मूल रांगायला लागतं, हे कुणालाही कळतं. मी दोन मुलांचा बाप आहे. तरी मी त्या दिवशी जे बाळ बघितलं, तेच धरून बोलत राहिलो. जणू ते सगळा हंगाम तसंच झोळीत पडून राहणार होतं.

वसतिगृह खरंच चाललं. मुलगी एकही दिवस चुकली नाही. माझं गणित चुकलं की आता बोटही वर करायची. कॉलेजात आम्ही कामाचं सादरीकरण केलं, तेव्हा पंगतीत बसून जेवतानाचा तिचा फोटो पडद्यावर आला. मॅडम म्हणाल्या, याला म्हणतात समाजकार्य. टाळ्या वाजल्या. मी उभा राहून नमस्कार केला.

पाडव्यानंतर टोळी परत आल्याचं कळलं, तसा मी तिच्यासाठी कंपास घेऊन गेलो. मुलगी दारात उभी होती, बाळ कडेवर. बाळाचे दोन्ही हात मनगटापासून गुलाबी, चकाकणारे. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून गेली होती.

आईनंच सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. "फडाच्या कडंला गोधडीवर निजवलं हुतं. शेजारच्या रानात आदल्या दिशी पाचट जाळल्यालं. राख वरनं गार दिसती गुरुजी, आत इस्तू ऱ्हातो. मी मोळी बांधत हुते. तेवढ्यात ह्ये रांगत गेलं." भाकरी उलटून म्हणाली, "दवाखाना लांब. ट्रॅक्टर भरल्याबिगर निघंना."

मग तीच म्हणाली, "तुमी चांगल्यासाठीच सांगितलं. च्या घेता?"

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी चहा प्यायलो. कंपास भिंतीशी ठेवून निघालो.

पदवी मिळाली. संस्थेनं कायम केलं. पुढच्या दिवाळीत टोळी निघायच्या दिवशी मी पुन्हा त्या गावात गेलो. गुन्हेगार माणूस त्याच जागी फिरून जातो म्हणतात. मला वेगळं कारण सांगता येत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, आणि सरपणावर बसलेली ती मुलगी. बाळ तिच्या मांडीत. आता ते चालायला लागलं होतं, म्हणून तिनं आपल्या ओढणीचं टोक त्याच्या कमरेला बांधलं होतं.

"वसतिगृह यंदाही आहे," मी म्हणालो. म्हणताना माझा मलाच राग आला.

"न्हाई गुरुजी. मी जाणार हाय."

"आईनं सांगितलं का?"

"कुणी न्हाई सांगितलं. मागल्या सालाला मीच हट्ट धरला हुता ऱ्हायचा. म्हणून झालं ते."

मी ट्रॉलीच्या फळीला धरून उभा राहिलो. म्हणालो, "तुझ्यामुळं नाही झालं. आईचं मन मी वळवलं. ती नाही म्हणत होती, मी चारचौघांत तिला लाजवलं. चूक माझी आहे. तुझी नाही."

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, मोठ्या माणसाचं ऐकून घ्यायचं असतं तसं. मग बाळाचं नाक पुसलं.

"तुमी कुठं हुता गुरुजी तिथं," ती म्हणाली. "त्याला बघायचं माझ्याकडं हुतं."

मुकादमानं हाक दिली. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर सुरू केला. मी आणखी काहीतरी ओरडून सांगत होतो, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं, आणि तिनं तोंड पुढं वळवलं होतं.