मी न ओलांडलेला साकव

सर्व संबंधितांना, असंबंधितांना आणि शिळफाट्यावर नुसतेच चहाला थांबलेल्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की पुढची हकीकत मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, भागीदाराला नाही, डॉक्टरलाही नाही — आणि डॉक्टरला तर खरंच सांगायला हवी होती.

आधी थोडी बढाई मारू द्या. ‘घाटातला पहारा’ हा मोबाइलवरचा गेम तुम्ही खेळला असाल. नसाल, तर तुमच्या घरातलं कुणीतरी जेवण गार करून खेळलं असेल. तो आमचा! खोपोलीत, टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत जन्मलेला. त्यात तुम्ही पहारेकरी असता. पडद्यावर फक्त तुमचे हात आणि बंदूक दिसते, आणि घाट उतरून यंत्रं तुमच्यावर चालून येतात. त्या यंत्रांचे आवाज माझे — एकूण एक. अर्धं आयुष्य हौशी नाटकांत राक्षस आणि सासरे केले, ते असं सार्थकी लागलं.

गेम गाजला. दुसरा भाग जाहीर झाला. मी झालो निर्मितीप्रमुख, आणि प्रमुखाने भाषण नको करायला? केलं. म्हणालो, यापुढे प्रत्येक टप्पा मी स्वतः, एकट्याने, शेवटपर्यंत खेळेन. मगच तो पास, मगच उंबऱ्यावर नारळ फुटेल! काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू.

फक्त एक बारीकशी गोष्ट होती. म्हणजे — कसं सांगू — मला तो गेम खेळताच येत नव्हता.

डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बघायचं. मला एका वेळी एकच जमतं. चालायला लागलो की नजर आभाळात, नजर खाली आणली की भिंतीवर धडक, आणि थोड्याच वेळात पोटात ढवळायला लागतं. पहिल्या भागाच्या वेळी मी खेळणाऱ्यांच्या मागे चहाचा ग्लास धरून ‘वा!’ म्हणत उभा राहिलो होतो. हातात ग्लास असला की माणसाला कुणी फोन देत नाही, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

नव्या भागाचे पहिले दोन टप्पे तोंडात आवळासुपारी धरून कसेबसे रांगत पार केले. तिसरा टप्पा वैशालीचा.

वैशाली कशेळ्याची. गेममधल्या जागा ती रचायची — झाड कुठे, वळण कुठे, शत्रू कुठे दबा धरून बसणार. तिने ओढ्यावर दोन ओंडक्यांचा साकव टाकला होता. मागून यंत्रं येणार. पाय पुढे आणि नजर मागे ठेवून तो ओलांडायचा. बघूनच तळपायाला घाम सुटावा असा! मी पडलो. पुन्हा पडलो. साजगावात कारखान्याच्या भिंतीकडेला गाडी लावून सराव केला. पाळी सुटलेले कामगार काचेतून आत वाकून बघून जायचे. तरी पडलो.

‘पोरी, मला जमत नाही’ — एवढंच म्हणायचं होतं. काय बिघडलं असतं? पण मी खर्जात म्हणालो, “यात प्राण नाही.”

तिने साकव रुंद केला. मी पडलो. “भीती कमी वाटते.” तिने धुकं आणलं. मी धुक्यातही पडलो. “धुकं फार झालं.” एक गोष्ट बदलली की दहा बिघडायच्या. रुंद साकवावर तर यंत्रं लग्नाच्या पंगतीसारखी रांगेत उभी राहायला लागली. यंत्रांना चालवायचं काम नितीनचं, म्हणजे माझ्या भागीदाराचं. तो बिचारा केस उपटत बसायचा. जाहीर केलेली तारीख हुकली, मग पुढचीही हुकली. फोडायचा म्हणून देवापुढे ठेवलेला नारळ सुकून आत खुळखुळायला लागला.

एकदा वैशाली म्हणाली, “काका, नक्की काय नाय आवडत ते तरी सांगा. मी करते ना.” मी तिला भयानक रसावर व्याख्यान दिलं. ती वहीत लिहून घेत होती.

इथपर्यंत मी लबाड होतो. पुढे जे केलं त्याला वेगळा शब्द आहे — भ्याडपणा.

सगळ्यांसमोर नितीनने विचारलं, काम अडलंय कुणामुळे? मी मान खाली घातली. थांबलो. किती थांबायचं ते मला नेमकं कळतं. मग म्हणालो, “वैशालीचा आवाका कमी पडतोय.”

तिला बटणं आणि मेनू रंगवायला बसवलं. दिवाळीआधी ती सोडून गेली. जाताना टेबल पुसून गेली.

त्यानंतर नितीनने तिचा पहिला, अरुंद साकव शोधून काढला. “काका, हा असाच जाणार. नायतर तुमीच बनवा.” मी तत्काळ पास केला — न खेळता — आणि नारळ फोडला. आज लोक सगळ्यात जास्त बोलतात ते त्या साकवाबद्दल. मला अभिमान वाटतो? छाती फुटेल इतका! गेमच्या शेवटी येणारी नावं मीच सांगितली होती. वैशालीचं नाव बटणांखाली होतं. गेल्या आठवड्यात ते साकवाखाली लावून घेतलं. कारण विचारलं तेव्हा मी खोकलो.

पण एक राहिलं. गेमचं प्रकाशन कर्जतच्या सभागृहात झालं. वैशाली आईला घेऊन आली, शेवटच्या रांगेत बसली. मी रंगात होतो. नितीन ओरडला, “काका, आता तुमीच खेळून दाखवा!” टाळ्या. मला घाम. पण मुरलेला नट मी! पहिल्या रांगेतल्या शुभदाच्या, म्हणजे बायकोच्या हातात फोन ठेवला: शुभारंभ घरच्या लक्ष्मीच्या हस्ते! तिने गेमला कधी हात लावला नव्हता. घरी माझ्याकडून एवढंच ऐकलेलं, की त्या मुलीने कुणालाच पार होणार नाही असा साकव करून ठेवलाय.

मागे मोठा पडदा, त्यावर वैशालीचा साकव. शुभदा चालली, वळून पाहिलं, दोन यंत्रं उडवली, चालली — आणि पोचली. मी कौतुकाने माइक तिच्या तोंडाशी धरला. ती जे बोलली, ते सभागृहाला माझा बसवलेला विनोद वाटलं, कारण सगळ्यांत आधी मीच हसलो. शेवटच्या रांगेत कुणी हसलं नाही. शुभदा म्हणाली होती,

“अहो, मी तर पहिल्याच फटक्यात पलीकडे! मग त्या वैशालीचं चुकलं काय होतं?”