ठिणगीचं पथ्य

घोडेस्वारी शिकवायच्या त्या शाळेत मोतद्दार मामांनी बत्तीस वर्षं काढली. लीद बघून घोड्याचं पोट ओळखणारा माणूस! घोड्यांच्या बाबतीत त्यांना कुणी खोटं पाडलं नव्हतं. माणसांशी मात्र त्यांचं बेताचंच जमायचं. बायकोशीसुद्धा ‘हं’ आणि ‘अंहं’ एवढ्यावरच संसार झाला.

ठिणगी ही त्यांची लाडकी तांबडी घोडी. तिच्या अंगावर गांध्या उठायला लागल्या. खाज इतकी, की खांबाला मान घासून घासून आयाळ झडली. वर डोकं असं भडकलेलं, की वाऱ्यानं कागद उडाला तरी बाईसाहेब दोन पायांवर! एका मुलीला तिनं पाडलं, तेव्हा मालकीणबाईंनी सांगून टाकलं, “दोन महिने देते, मामा. सुधारली नाही तर विकणार.”

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तिला खाणं बाधतंय. ओटचा दाणा बंद, लसूणघास बंद, काकवी घातलेला कोंडा बंद. नुसतं भिजवून निथळलेलं वाळकं गवत द्या. मग एकेक जिन्नस परत सुरू करून बघू.”

मामांनी डोळ्यांत तेल घालून पथ्य पाळलं. गवत घरच्या न्हाणीत भिजायचं. “सवत परवडली असती,” बायको करवादायची, “तिनं निदान आंघोळीपुरती जागा सोडली असती!” पण पहाटे उठून गवत निथळत ठेवायची तीच. शेजारच्या घोड्याचा दाणा सांडला, तर मामा वाकून एकेक वेचायचे. शिकायला येणाऱ्या मुलांच्या खिशातली बिस्किटं फाटकावरच काढून घ्यायचे.

तरी गांध्या हटेनात. सहा आठवडे गेले. “पुस्तकी अक्कल!” मामा डॉक्टरीणबाईंच्या नावानं बोटं मोडायला लागले. त्यातच ठिणगी पुन्हा उधळली आणि एका मुलाचा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा मामा ठिणगीला लगाम चढवत होते. त्यांनी बरणीत बोट बुडवलं, तोंडात जाणाऱ्या कडीवर फिरवलं, आणि ठिणगीनं आपणहून तोंड उघडलं.

“मामा, ते काय लावलंत?”

“कुठं काय?” म्हणत मामांनी बोटाकडे पाहिलं. काकवी होती.

घोड्यानं खळखळ न करता लोखंड तोंडात घ्यावं, म्हणून कडीला काकवीचं बोट लावायचं, हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं. इतकी वर्षं रोज सकाळी हात ते करत आला होता, डोक्याला न विचारता. खाणं म्हणजे गव्हाणीतलं, एवढंच मामांच्या मनात होतं.

लगाम तसाच टाकून ते मालकीणबाईंकडे गेले. “चूक माझी आहे, तिची नाही. मला काढा हवं तर. पण पंधरा दिवस द्या.”

“त्या मुलाच्या आईला मी काय सांगू, मामा? काकवीमुळे झालं म्हणून? व्यवहार ठरलाय. सोमवारी गाडी येईल.”

काकवी बंद झाली आणि चार दिवसांत गांध्या बसल्या. ठिणगी मामांच्या खांद्यावर मान टाकून उभी राहायला लागली. ती सुधारेल तसं मामांचं काळीज तुटत गेलं. कुणीतरी शिव्या द्याव्यात, म्हणून त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती उठली आणि न्हाणीत उद्याचं गवत भिजत घालायला गेली.

सोमवारी गाडी आली. ठिणगी फळीवर पाय ठेवेना. ओढून झालं, ढकलून झालं. शेवटी मामांनाच बोलावलं. “चल गं बये,” म्हणत ते पुढं झाले, आणि ती गुमान त्यांच्यामागून वर चढली.

खाली उतरून त्यांनी ड्रायव्हरला बजावलं, “ओट नको, लसूणघास नको. आणि लगामाला काकवी अजिबात लावू द्यायची नाही. विसरू नकोस हां!”

ड्रायव्हर भला माणूस होता. त्यानं नजर चुकवली. “मामा, मी नेतोय तिथं जनावराला खायला घालत नाहीत.”

मामांना अर्थ लागेपर्यंत गाडी हलली होती. ते ओरडत मागं धावले. साठीचे पाय, किती धावणार? फाटकाशी बसून ते लहान पोरासारखे हमसून हमसून रडले.

घरी बायको दारातच उभी होती. “पथ्य सांगितलंत ना नीट?”

“सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“लक्षात ठेवतो म्हणाला,” मामा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.