वडिलांचा अंगठा
इथं परदेशातल्या बँकेत कुणी शिक्का मारला की शाईच्या पॅडचा वास येतो आणि मला औरंगाबादच्या अदालत रोडवरचं वकिलाचं ऑफिस आठवतं. परदेशात कायम राहण्याच्या परवान्यासाठी मी अर्ज करत होतो आणि वकिलांनी माझ्या वडिलांचं संमतिपत्र मागितलं होतं. मेंढरं विकून मला कॉलेजात घालणारे वडील धुतलेलं धोतर नेसून कन्नडहून एसटीनं आले आणि खुर्ची असूनही दारापाशी उकिडवे बसले. दोनच वर्षं जातोय, असं मी त्यांना सांगितलं होतं. "पोराला जामीन लागतो व्हय, वकीलसायेब? म्या हाय की!" ते हसून म्हणाले. वकील मला म्हणाले, "आधी त्यांना वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या." कागदावर लिहिलं होतं, 'माझा मुलगा परदेशात कायमचा राहणार आहे, याला माझी हरकत नाही.' मी सगळं वाचलं, फक्त 'कायमचा' गाळला. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. "दोन वर्सं म्हंजी दोन सुग्या, बघता बघता जातील," असं म्हणत वडिलांनी अंगठा जोरात दाबला, शाई डोक्याच्या केसांना पुसली आणि मला दटावलं, "बघतो काय, सायेबाला चहा पाज." परवाना मिळून आता सात वर्षं झाली. दर दिवाळीला ते फोनवर विचारतात, "वकिलानं अजून मुदत वाढवली व्हय रं?" आणि मी व्हय म्हणतो.