साबणदाणी खाली आली

सासरे मानपाड्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. नव्वदच्या सुमारास डोंबिवलीच्या आमच्या घरात बाथरूमला फिकट निळ्या टाइल्स बसवल्या, तेव्हा चिनी मातीची साबणदाणी त्यांनी स्वतः सिलिकॉनने चिकटवली. टाइलला भोक पाडायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता. साबणदाणी बसवली ती उभ्या माणसाच्या खांद्याशी.

पुढे काही वर्षांनी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. अंघोळ स्टुलावर बसून सुरू झाली. अंगाला साबण त्यांचा ते लावू शकत, पण तो घ्यायला हात पोचत नसे. खाली साबण ठेवला की घसरून जाई. मग सासूबाई आत उभ्या राहून साबण हातात देत. त्यांना त्यात काही वाटत नव्हतं, सासऱ्यांना फार वाटे. ते अंघोळ टाळू लागले.

साबणदाणी खाली घेऊ या, असं मी सुचवलं. नवरा म्हणाला, रविवारी छिन्नी-हातोडी घेतो. सासूबाई घाबरल्या, कारण तसल्या टाइल्स ठाण्याच्या दुकानातही आता मिळत नव्हत्या.

शुक्रवारी दुपारी नवरा कामावर असताना सासऱ्यांनी मला हाक मारली. "माझी खुर्ची बाथरूमच्या दाराशी ठेव. आणि गळाच्या डब्यातली तंगूस आण."

सुट्टीच्या दिवशी ते खाडीवर गळ टाकायला जायचे, त्यातला तो नायलॉनचा दोरा. आजारपणानंतर डब्याला कुणी हात लावला नव्हता.

ते सांगत गेले, मी आणि सासूबाई करत गेलो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं साबणदाणीवर धरलं. कडेचं सिलिकॉन ब्लेडने कापलं, पातं टाइलला सपाट टेकवून. मग तंगूस वरच्या फटीत घातली, हाताला कापू नये म्हणून दोन्ही टोकं लाटण्यांना गुंडाळली आणि करवतीसारखी आळीपाळीने ओढू लागलो. सासूबाई जोर लावायच्या.

"अगं, ओढू नकोस. नुसती फिरू दे," सासरे म्हणाले.

दोरा एकदा तुटला. नवा तुकडा घेतला, पुन्हा फडकं गरम केलं. अर्ध्याच्या खाली आल्यावर साबणदाणी हलली आणि अलगद माझ्या हातात आली. टाइलला ओरखडासुद्धा नव्हता. उरलेला चिकटा खरवडताना सासूबाई हसत होत्या. लाटण्यांचा असला उपयोग त्यांनी कधी पाहिला नव्हता.

टाइल पुसून कोरडी केली आणि साबणदाणी स्टुलाच्या उंचीला चिकटवली. ट्यूब सासऱ्यांनी स्वतः दाबली, उजव्या हाताने. सिलिकॉनची रेघ थोडी वाकडी गेली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

रविवारी ते एकटे आत गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाई बाहेर टॉवेल घेऊन उभ्या. थोड्या वेळाने साबण पडल्याचा आवाज आला, तशा त्या पुढे झाल्या.

आतून ते म्हणाले, "थांब. मांडीवरच पडलाय."

त्या दाराबाहेरच्या खुर्चीत टेकल्या, आणि पाण्याचा आवाज ऐकत बसल्या.