एकतिसाव्या रांगेतले आजोबा

माझे आजोबा वेंडेल श्रोडर ऑगस्टच्या नऊ तारखेला गेले, आणि ही गोष्ट मी नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत दाबून ठेवली. आमच्या ऑस्टर गावात नाही. चारशे वस्तीच्या गावात काय दाबणार, कपाळ? दाबली ती कॉटनवूड स्टेट कॉलेजच्या तिकीट ऑफिसापासून, आणि स्टेडियममधल्या एकतिसाव्या रांगेतल्या माणसांपासून. ऑफिसाचं मला आजही काही वाटत नाही. रांगेचं वाटतं.

आजोबा त्या कॉलेजात कधी शिकले नाहीत. आठवी झाली आणि ते धान्याच्या कोठारांवर कामाला लागले, ते पासष्टीपर्यंत तिथंच. खोकले की छातीतून मक्याची धूळ वाजायची. पण १९६३ पासून कॉलेजच्या घरच्या मैदानावरचा अमेरिकन फुटबॉलचा एक सामना त्यांनी चुकवला असेल तर शपथ. मोसमात सात शनिवार, नव्वद मैल जायचं, नव्वद मैल यायचं. माझी आई शनिवारी जन्मली आणि यांनी तिला रविवारी पाहिलं. आजीनं, आयलीननं, हे उभ्या जन्मात विसरू दिलं नाही. कॉलेज जिंकलं की आजोबा "आम्ही जिंकलो" म्हणायचे. मी लहानपणी एकदा विचारलं, "तुम्ही कुठं खेळलात, आजोबा?" तर म्हणाले, "गप्प बस, ट्रुडी, आणि बचावफळीकडे बघ. सगळं तिथंच आहे." काय होतं तिथं कुणास ठाऊक, आमची बचावफळी दर वर्षी मार खायची.

लाकडी बाकावर पांढऱ्या रंगानं आकडे घातलेत. सात नंबर आजोबांचा, आठ आजीचा, दोन्ही आजोबांच्याच नावावर. आजी गेली त्या वर्षापासून आठवर मी. आणि सहावर डेलमार कुबिक. डेलमारकाका स्टेडियमच्या पलीकडच्या अंगाला, एकशेदहा मैलांवर राहायचे, मधमाश्या पाळायचे. आजोबा आणि ते सेहेचाळीस वर्षं शेजारी बसले आणि स्टेडियमबाहेर चारदा भेटले असतील. एकमेकांना वेंड्या आणि डेल्या म्हणायचे. कोबी-खिमा भरलेला पाव आजोबा न्यायचे, मध डेलमारकाका आणायचे. आजी वारली तेव्हा हा माणूस सगळा सामना आजोबांच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. त्यांना एकमेकांच्या नातवंडांची नावं धड आठवायची नाहीत. पण कुठल्या खेळाडूचा गुडघा कुठल्या साली गेला ते पाठ.

आता कॉलेजचा नियम असा, की जागा ज्याच्या नावावर तो मेला तर ती फक्त नवऱ्याला किंवा बायकोला मिळते. मुलांना नाही, नातवंडांना तर नाहीच. जागा परत जाते आणि वाट बघणाऱ्या कुणाला तरी मिळते. म्हणून आमच्याकडे माणसं लवकर मरत नाहीत. म्हणजे मरतात, पण तिकिटं काढत राहतात. ऑफिसातली एक बाई रोज सकाळी पेपरातल्या शोकवार्ता वाचते असं म्हणतात. तेव्हा शोकवार्ता द्यायची नाही, थडग्यावर दगड उशिरा बसवायचा, आणि दर एप्रिलला मेलेल्याच्या सहीनं फॉर्म पाठवायचा. आमच्या खालच्या रांगेत एक गृहस्थ सध्या एकशेनऊ वर्षांचे आहेत.

आजोबांनीच मला दवाखान्यात सांगितलं. नाकात नळी, आवाज तळाशी गेलेला. "पेपरात देऊ नका. माझ्या नावावर चालू दे. तुला दुसरं काय देणार मी?" मी हो म्हटलं. त्या माणसाला मी नाही काय म्हणणार होते? मंगळवारी, अकरा माणसांत, त्यांना पुरलं. ज्यांच्या शोकवार्तेत निम्मी ओळ तरी फुटबॉलची असायला हवी होती, त्यांची शोकवार्ताच नाही. मला त्याचा राग येत होता, पण जागा राहिली याचा आनंदही होत होता, आणि त्या आनंदाची लाज वाटत होती.

पण यात एक काटा होता, आणि तो मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

आदल्या नोव्हेंबरात, मोसमाच्या शेवटच्या सामन्याला, बर्फाळ पाऊस पडत होता आणि आम्ही एक्केचाळीस-तीननं मार खात होतो. डेलमारकाकांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेले. ओठ निळे पडले होते. तिसरा डाव संपला तसे ते उठले. "वेंड्या, आता नाही बसवत रे," म्हणाले. आजोबांनी उभ्या आयुष्यात शिट्टी वाजायच्या आत मैदान सोडलं नव्हतं. ते सगळ्या रांगेदेखत ओरडले, "जा, जा! जिंकताना नाचायला पुढं, हरताना पाय काढता. कशाला जागा अडवतोस मग?" डेलमारकाकांनी घोंगडीची घडी घातली, मधाची बाटली तिथंच ठेवली आणि गेले.

जूनमध्ये पोर्चवर बसलो असताना एकदम म्हणाले, "डेल्याला मी असं बोलायला नको होतं. माझं चुकलं."

"मग करा ना फोन," मी म्हटलं.

"माफी काय फोनवर मागतात? सप्टेंबरात शेजारी बसला की सांगेन."

सप्टेंबरात शेजारी मी बसले. सातची जागा मोकळी ठेवून.

"वेंड्या कुठाय?" डेलमारकाकांनी समोर बघतच विचारलं.

"गुडघे, काका. पायऱ्या चढवत नाहीत."

"गुडघे!" ते हसले, पण हसू काही बरं नव्हतं. "अठ्ठ्याहत्तर साली न्यूमोनिया घेऊन आला होता हा माणूस. गुडघे म्हणे."

मी तिथं सांगायला हवं होतं. पण मागच्या रांगेत कान, पुढच्या रांगेत कान, आणि ऑफिसात जाऊन चहाडी करायला एक माणूस पुरतो. मी म्हटलं, "आजोबांनी निरोप दिलाय. मागच्या वर्षी बोलले ते चुकलं म्हणाले."

"निरोप?" त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. "सेहेचाळीस वर्षं शेजारी बसलोय. आणि नातीच्या हाती निरोप? सांग त्याला, तोंड घेऊन ये म्हणावं."

पुढचे पाच सामने असेच गेले. ते यायचे, मान हलवायचे, बसायचे. मध आणला नाही. ऑक्टोबरात आम्ही एक सामना शेवटच्या क्षणाला जिंकलो, स्टेडियम उसळलं, आणि त्यांनी सवयीनं डावीकडे हात टाकला. तिथं कुणी नव्हतं. हात परत घेतला आणि म्हणाले, "असला हट्टी माणूस पाहिला नाही. मरू दे त्याला तिकडंच." मी शौचालयात जाऊन रडले. घरी येताना ठरवलं, पुढच्या खेपेला सांगायचं. पुढच्या खेपेला पुन्हा जीभ रेटली नाही. त्या बाकावर बसलं की मला आजोबा अजून असल्यासारखे वाटायचे. सांगितलं तर जागाही जाणार आणि तेही जाणार. खरं कारण हे. निम्मा कान ऑफिसाकडे होता, बाकीचं सगळं हेच.

शेवटच्या सामन्याला ते उशिरा आले. सहावर बसले नाहीत. सातवर बसले, माझ्या लगत.

"मी काल ऑस्टरला गेलो होतो," ते म्हणाले.

मैदानावर काय चाललं होतं मला दिसेना.

"म्हटलं, चौऱ्याऐंशी झाली, आता कसला मान नि कसलं काय. आपणच जावं. पाच बाटल्या मध घेतला. घराला कुलूप. शेजारची बाई गवत काढत होती, ती म्हणाली, 'वेंडेल? तो तर ऑगस्टात गेला. आतापर्यंत कळलं असेल की तुम्हाला!'" ते थांबले. "तिला वाटलं मी कुणी विमेवाला."

"काका, मी..."

"थांब. आधी मला सांग. तो निरोप खरा होता की तूच रचलास?"

"खरा होता."

"काय म्हणाला? त्याचे शब्द सांग."

"डेल्याला मी असं बोलायला नको होतं. माझं चुकलं. एवढंच. तुमच्या शेजारी बसून सांगणार होते."

"कधी म्हणाला?"

"जूनमध्ये."

त्यांनी मला ते आणखी एकदा म्हणायला लावलं. मी म्हटलं. ते डोळे मिटून ऐकत होते, ओठ माझ्याबरोबर हलत होते. भोवती माणसं ओरडत होती, बँड वाजत होता. आमच्या रांगेतले दोघे-तिघे वळून बघायला लागले. बघू देत, म्हटलं.

"मी त्याला मरू दे म्हटलं," डेलमारकाका म्हणाले. "तुझ्या तोंडावर म्हटलं. आणि तू ऐकून घेतलंस."

"माझं चुकलं, काका. फार चुकलं. मला माफ करा."

त्यांनी सातच्या आकड्यावर हात ठेवला. मग शांतपणे, जराही आवाज न चढवता म्हणाले, "त्याला मी पहिल्याच शनिवारी माफ केलं असतं, पोरी. नुसतं गेला म्हणाली असतीस तरी. पण तुला माफ करायचं तर मला वेंड्याला विचारावं लागेल."

सोमवारी मी तिकीट ऑफिसात फोन केला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात सांत्वन केलं आणि मृत्यूची तारीख विचारली. नऊ ऑगस्ट, मी म्हटलं. ती म्हणाली, "अहो, मग मोसमभर तिथं कोण बसलं होतं?"