मामंजींच्या गाडीचा भाव

जुन्या गाड्यांचा भाव सांगणं हा माझा धंदा. साताऱ्यात नावाला एक ऑफिस आहे, पण बहुतेक दिवस मी कुणाच्या तरी दारात गाडीखाली वाकलेली असते. त्यातही माझ्याकडं येतात त्या पळणाऱ्या गाड्या, टर्बोवाल्या, उभ्या जागी गुरगुरणाऱ्या. साध्या गाडीचा भाव कुणीही सांगेल. किती साल जुनी, किती फिरली, संपलं. पळणाऱ्या गाडीचं तसं नसतं. ती कुणाच्या बुडाखाली होती यावर तिची खरी किंमत ठरते. कॉलेजच्या पोरानं दोनच वर्षं वापरलेली गाडी आतून पार म्हातारी झालेली असते, आणि दहा वर्षांची एखादी कोरी करकरीत निघते.

म्हणूनच आमच्याकडं ‘फौजीची गाडी’ म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा उजळतो. फौजी गाडी रोज पुसतो, ऑइल वेळेवर बदलतो आणि साठच्या वर जात नाही, अशी समस्त सातारा-सांगलीची श्रद्धा आहे. विकणारे ही श्रद्धा बरोबर ओळखून असतात. या भागात आजवर जेवढ्या फौजींच्या गाड्या विकल्या गेल्या, तेवढे फौजी अख्ख्या सैन्यात नसतील. मी लोकांना सांगते, काचेवरचा स्टिकर बघू नका, ब्रेकच्या डिस्क बघा. पण ऐकतंय कोण?

आता गंमत बघा, खऱ्या फौजीची खरी गाडी आमच्याच घरात होती. माझे सासरे सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि उंब्रजजवळच्या गावी ऊस करत राहिले. सत्तरी ओलांडल्यावर या मामंजींनी कुणालाही न विचारता एक लाल सेडान दारात आणून उभी केली. सेकंडहँड, पण जोर असा की पाय नुसता टेकवला तर माणूस सीटला चिकटावा. दर गुरुवारी ते आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना घेऊन औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जायचे. आत्या वाटेत डोळे मिटून जप करतात, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. दोघं इतक्या लवकर परत कसे येतात, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

मग मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. माझा नवरा आणि धाकटा दीर यांनी त्याच आठवड्यात ठरवून टाकलं की आता गाडी विकायची. खरं तर ऑपरेशननंतर मामंजींना आम्हा सगळ्यांपेक्षा लांबचं दिसायला लागलं होतं. डॉक्टरही चालवा म्हणाले होते. पण पोरांनी एकदा बापाची काळजी करायची ठरवली की त्यांच्यापुढं डॉक्टरचंही चालत नाही. आत्या गप्प बसून राहिल्या. मामंजी “बरं” म्हणाले आणि गोठ्याकडं निघून गेले. मला लय वाईट वाटलं. ती गाडी गेली की त्या माणसाला घर ते बांध आणि बांध ते घर एवढंच उरणार होतं, आणि हे त्यांना कळत होतं.

गिऱ्हाईक आलं कुंडलचं. भरपूर ऊस असलेले एक बागायतदार. पोरगं इंजिनियरिंगला लागलं होतं, त्याला गाडीचा शब्द दिला होता. “फौजीची हाय म्हणून एवढ्या लांब आलो,” ते म्हणाले. “भाव सूनबाईंनीच काढावा. त्यांचं काम मला ठाऊक हाय, त्या भिडेला पडत न्हाईत.” नवरा माझ्याकडं बघून हसला. मी मुकाट्यानं पेटी उघडली.

तोवर मामंजींनी आपला डाव टाकला होता. ते बागायतदारांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “तुमास्नी म्हणून सांगतो, गाडीत दम न्हाई. चढाला रडती.”

बागायतदार थबकले.

“पेट्रोल तर लय पिती,” मामंजी पुढं म्हणाले. “आन् पावसात आत पाणी येतं.”

आता कुठल्याही गावात विकणारा असं बोलला तर घेणारा चपला घालून निघून जाईल. पण बोलणारा फौजी होता. बागायतदारांचे डोळे भरून यायचेच बाकी राहिले. “सुभेदारसाहेब, सहा महिने गाड्या बघतोय,” ते म्हणाले. “खरं बोलणारा एक माणूस भेटला न्हाई. तुमीच पयले.” आणि घरून योजून आणलेल्या रकमेवर त्यांनी आपल्याच तोंडानं पंचवीस हजार वाढवले.

मामंजींनी घाबरून गिअरही अडकतो म्हणून सांगितलं. आणखी दहा वाढले. त्यानंतर मामंजींनी तोंड उघडलं नाही. मी बॉनेटच्या आड तोंड लपवून हसले, खोटं कशाला सांगू.

हसत हसत तपासत गेले तशी मात्र गप्प झाले. रंग मूळचा, ठोकलेली नाही, तळ कोरडा. आत पाण्याचा टिपूस नाही आणि गिअर लोण्यासारखा. पण ब्रेकच्या डिस्कवर खोल चरे पडले होते. साठनं जाणाऱ्या माणसाच्या डिस्क अशा होत नाहीत. डावीकडं, दाराच्या वर, धरायचं हँडल असतं ना, ते घासून घासून गुळगुळीत झालं होतं. तेव्हा मी त्याकडं फारसं लक्ष दिलं नाही. लॅपटॉप जोडला, आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर जागेवर नव्हतं. कुणीतरी बदलून मूळच्यापेक्षा बराच जास्त जोर काढून घेतला होता.

मी मान वर केली. मामंजी आभाळाकडं बघत होते. सगळ्या खोट्या खोडी सांगून झाल्या होत्या आणि खरी तेवढी त्यांनी गिळली होती, आत्या दारातच उभ्या होत्या म्हणून, असं मला वाटलं. आत्यांना कळलं असतं तर किल्ली थेट त्यांच्या कनवटीला गेली असती. म्हणजे बोललं तरी गाडी जाणार, न बोललं तरी जाणार. मला त्या क्षणी माझ्या धंद्याचा राग आला. पण स्क्रीनवर दिसेल ते वाचून दाखवायचं, गाडी कुणाचीही असो, एवढी एकच अट मी आजवर पाळलेली आहे. मी वाचून दाखवलं.

“म्हंजी?” बागायतदारांनी विचारलं.

“म्हणजे ही गाडी तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त पळते. अशा गाडीला बाजारात भाव कमी येतो.”

“आधीच्या मालकानं केलं असेल,” माझा नवरा घाईनं म्हणाला.

“असंल, असंल,” मामंजी पुटपुटले.

“मग काय, परत पयल्यासारखं करून घिऊ,” बागायतदार म्हणाले आणि त्यांचा हात इसाऱ्याचे पैसे काढायला खिशात गेला.

तेव्हा आत्या पायरी उतरून खाली आल्या. “आधीच्या मालकानं न्हाई केलं,” त्या म्हणाल्या. “आमी केलंय. कोल्हापुरात. मीच म्हणलं, करा.”



“पंचवीस वरसं ह्यांची वाट बघितली,” आत्या बागायतदारांना सांगत होत्या, पण ते आमच्या सगळ्यांसाठी होतं. “सुट्टीवर आलं की यष्टीनं माहेरला आन् यष्टीनं परत. आता कुठं वारं लागतंय अंगाला. पोरांनी ठरवलं तवा मी मुद्दाम गप बसले. म्हणलं, ह्यास्नी तोंड फुटंल, गाडी पायजे म्हणतील. पर न्हाई. लोकांच्या म्होरं गाडीला नावं ठिवतील, पर पोरास्नी न्हाई म्हणायचं न्हाईत.”

मामंजी जमिनीकडं बघत होते. माझा नवराही.

“आन् तुमी, दादा,” आत्या म्हणाल्या, “पोराला दुसरी बघा. मी हँडल धरून बसती. तुमचं पोरगं धरायचं न्हाई.”

बागायतदारांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला, दोन्ही हात जोडले आणि मोठ्यानं हसले. चहा पिऊनच गेले. जाताना मला म्हणाले, “तरी खरा भाव काय हाय, सांगा की.” मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, ही गाडी विकायची नाही.

ते गेल्यावर मामंजींनी खिशातून किल्ली काढली, हातातल्या हातात फिरवली आणि आत्यांना विचारलं, “आवं, जायाचं का जरा?”

“आज गुरुवार हाय व्हय?”

“न्हाई.”

आत्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पदर कमरेला घट्ट खोचलेला होता. मी डावीकडचं दार उघडून धरलं.